खेळ अडखळतो, दोष कुणाचा? ग्राफिक्स कार्ड बदलण्यापूर्वी कंट्रोलर तपासा!

जुईनगर स्थानकाला लागून असलेले शिरवणे गावठाण आणि त्याच्या पलीकडचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा यांचे नाते जुने आहे. सिडकोच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९७० नंतर, या परिसरातील जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, गावाभोवती वसाहती उभ्या राहिल्या आणि कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणारा वर्ग येथे स्थिरावला. या वर्गाच्या घरात संगणक आला तो प्रामुख्याने मुलांच्या शिक्षणासाठी. अभ्यास, अर्ज, परीक्षेचे निकाल यांसाठी आणलेल्या या यंत्रावर मुले खेळही खेळू लागली, हे ओघानेच आले. आणि एके दिवशी घरात तक्रार उमटते, ‘गेम अडकतोय, नवे कार्ड घ्यावे लागेल.’

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते, पण घराच्या हिशेबात ती किरकोळ नसते. चांगल्या ग्राफिक्स कार्डासाठी कामगाराच्या महिन्याच्या पगाराचा मोठा वाटा मोजावा लागतो. त्यातच २०२५ च्या अखेरीस संगणकाच्या मेमरीच्या किमती जगभर भडकल्या. अशा वेळी मुंबईत लॅमिंग्टन रोडची वाट धरून खरेदी करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारायला हवा. खेळ अडखळतो तो संगणकाची ताकद अपुरी पडते म्हणून, की संगणकाला जोडलेल्या कंट्रोलरांचे, म्हणजे मुलांच्या भाषेतील ‘रिमोट’चे, आपापसांत भांडण लागले आहे म्हणून? दुसऱ्या शक्यतेचा विचार फारसा कुणी करत नाही. तपासायला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि पैसे लागत नाहीत, तरीही!

अडखळणे आणि मंदावणे

‘खेळ नीट चालत नाही’ या एकाच वाक्याखाली दोन वेगळे आजार लपलेले असतात. एकात खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत संथ असतो. पडद्यावरील हालचाल जड वाटते, चित्राचा दर्जा कमी केला की सुधारणा दिसते. हा आजार बहुधा ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा मेमरी यांच्या ताकदीचा असतो. दुसऱ्या आजारात खेळ एरवी छान चालतो, पण दर काही सेकंदांनी क्षणभर थिजतो आणि पुन्हा पळू लागतो. चित्राचा दर्जा अगदी खालच्या पायरीवर आणला तरी हे थिजणे जात नाही. येथे संशयाची सुई जोडलेल्या उपकरणांकडे वळायला हवी.

या दुसऱ्या आजाराचे गणित समजून घेण्यासारखे आहे. खेळाचे चित्र म्हणजे झपाट्याने बदलणारी स्थिरचित्रे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्रासाठी संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ही मुदत ६.९ मिलिसेकंदांवर येते. तेवढ्या वेळात खेळाडूने कोणते बटण दाबले ते वाचायचे, शत्रूची हालचाल ठरवायची, टकरींचा हिशेब करायचा, चित्र रंगवायचे, आवाज द्यायचा. ही सारी कामे अनेकदा एकामागून एक होतात. त्यामुळे ‘बटण वाचणे’ या पहिल्याच कामात वेळ गेला, की पुढची सारी रांग खोळंबते. ग्राफिक्स कार्ड कितीही तगडे असो, काम हाती येईपर्यंत ते बसूनच राहते.

समजा, एखादा खेळ दर तीन सेकंदांनी ‘नवा कंट्रोलर जोडला गेला काय’ हे तपासतो आणि या तपासणीत ५० मिलिसेकंद जातात. तीन सेकंदांत १८० चित्रे अपेक्षित असतात, त्यांतली तीन बुडतात. सरासरी काढली तर सेकंदाला ६० ऐवजी ५९ चित्रे दिसतात. कागदावर सारे आलबेल! डोळ्याला मात्र दर तीन सेकंदांनी ठेच लागलेली जाणवते. सरासरीचा आकडा पाहून ‘यंत्र उत्तम आहे’ असे सांगणारा दुकानदार आणि ‘गेम अडकतोय’ असे सांगणारा मुलगा, दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

भांडण जुनेच आहे

कंट्रोलरमुळे संगणक खोळंबण्याचा प्रकार आजचा नाही. १९८१ मध्ये आयबीएमच्या पहिल्या पीसीसोबत जॉयस्टिकसाठी स्वतंत्र कार्ड मिळू लागले. त्याची रचना स्वस्त आणि गमतीची होती. दांडा किती कलला आहे हे मोजण्यासाठी त्यात एक कपॅसिटर भारित होत असे आणि तो भरायला किती वेळ लागला यावरून दांड्याची जागा कळे. हा वेळ मोजण्याचे काम मात्र प्रोसेसरलाच करावे लागे. दांडा एका टोकाला असेल तर एक मिलिसेकंदाहून थोडा अधिक काळ प्रोसेसर दुसरे सारे सोडून नुसता वाट पाहत राही. त्या काळच्या यंत्रांना ही चैन परवडणारी नव्हती.

पुढे साउंड कार्डांवरच पंधरा टाचण्यांचे गेम पोर्ट येऊ लागले आणि खरा संघर्ष सुरू झाला. संगणकात आधीच एखाद्या कार्डावर गेम पोर्ट असे, त्यात साउंड कार्डाचे दुसरे येई आणि दोघांचाही पत्ता एकच! एका दारावर दोन घरांची पाटी लावावी, तशी गत होई. जॉयस्टिकचे वाचन बेभरवशाचे होई, दांडा स्थिर असतानाही विमान एका अंगाला कलत राही. दोहोंपैकी एक पोर्ट कार्डावरील छोटी खूण सरकवून बंद करणे, हा त्यावरचा उपाय असे.

यूएसबी आल्यावर पत्त्यांचे भांडण मिटले. प्रत्येक उपकरणाला संगणक स्वतः वेगळा पत्ता देऊ लागला. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने जुन्या गेम पोर्टला निरोप दिला. मात्र भांडण संपले नाही, ते तारेतून आज्ञावलीत शिरले.

एक कंट्रोलर, दोन ओळखपत्रे

विंडोजवर खेळाला कंट्रोलरशी बोलण्यासाठी मुख्यत्वे दोन मार्ग आहेत. पहिला ‘डायरेक्टइनपुट’. १९९० च्या दशकातील डायरेक्टएक्स या संचातून तो आला. जॉयस्टिक, स्टिअरिंग व्हील, पेडल, विमानाचा दांडा असे काहीही त्याला चालते. दुसरा ‘एक्सइनपुट’. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला, त्याच्या कंट्रोलरसाठी मायक्रोसॉफ्टने हा मार्ग आखला. त्यात बटणांची मांडणी ठरलेली असते आणि एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर चालतात.

अडचण अशी, की एक्सबॉक्स पद्धतीचा कंट्रोलर दोन्ही मार्गांनी दिसतो. एकाच माणसाने दोन ओळखपत्रे दाखवून रांगेत दोनदा उभे राहावे, तसा हा प्रकार. खेळ दोन्ही मार्ग वापरत असेल आणि ‘हा तोच गडी आहे’ हे ओळखण्याची काळजी त्याच्या निर्मात्यांनी घेतली नसेल, तर एक बटण दाबल्यावर दोन आज्ञा पोहोचतात. यादीत एका ओळीने खाली जायचे असते, निवड दोन ओळींनी सरकते. मायक्रोसॉफ्टने आज्ञावलीकारांसाठी याविषयी स्वतंत्र मार्गदर्शन दिले आहे. तथापि जुन्या आणि घाईने पीसीवर आणलेल्या खेळांत ही काळजी घेतलेली नसते.

दुसरी अडचण रिकाम्या खुर्च्यांची आहे. एक्सइनपुटच्या चार जागांपैकी एकच भरलेली असते, तरीही काही खेळ प्रत्येक चित्राच्या वेळी चारही जागांना ‘कुणी आहे काय?’ असे विचारत राहतात. हजर असलेला गडी लगेच ओ देतो. गैरहजर असलेल्याचा शोध घेण्यात मात्र वेळ जातो. म्हणूनच रिकाम्या जागेची विचारपूस प्रत्येक चित्रागणिक करू नये, काही सेकंदांच्या अंतराने करावी, अशी मायक्रोसॉफ्टची स्पष्ट शिफारस आहे. ती न पाळणाऱ्या खेळात कंट्रोलर नसणे हेच अडखळण्याचे कारण ठरू शकते. असा खेळ फक्त पहिल्याच जागेची चौकशी करत असेल, तर कंट्रोलर जोडताच तो सुरळीत चालू लागतो. ‘रिमोट लावला की गेम स्मूथ होतो’ असे एखाद्या मुलाने सांगितले, तर त्याला हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

आभासी गड्यांची गर्दी

गेल्या दशकभरात या भांडणात तिसरा पक्ष उतरला आहे, तो म्हणजे रूपांतर करणाऱ्या आज्ञावली. प्लेस्टेशनचा कंट्रोलर पीसीवरील पुष्कळ खेळांना थेट समजत नाही. म्हणून ‘डीएस४विंडोज’सारखी आज्ञावली वापरली जाते. ती प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचे बोलणे ऐकते आणि संगणकात एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करून त्याच्या तोंडून तेच बोलणे खेळाला ऐकवते. ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानातही ‘स्टीम इनपुट’ नावाची अशीच सोय आहे.

प्रत्येक सोय एकेकटी उत्तम आहे. दोन्ही एकाच वेळी चालू राहिल्या, तर मात्र गंमत होते. खरा कंट्रोलर एक, त्याची पहिली सावली दुसरी आणि सावलीची सावली तिसरी. काही खेळांना हे तिघेही दिसतात. मग पहिल्या खेळाडूचे काम दुसऱ्याच्या नावावर जाते, बटणे दोनदा वाजतात, कॅमेरा एका बाजूला फिरत राहतो आणि खेळ प्रत्येकाची चौकशी करता करता दमतो. भरीला रंगीत दिव्यांच्या कीबोर्डची, माउसची आणि हेडफोनची आज्ञावली प्रत्येक उपकरणाची खुशाली वारंवार विचारत पार्श्वभूमीत बसलेली असते.

माउसचाही या गर्दीत वाटा आहे. साधा माउस आपली जागा सेकंदाला १२५ वेळा कळवतो, खेळाडूंसाठीचा १००० वेळा आणि अलीकडचे काही माउस तब्बल ८००० वेळा. म्हणजे दर ०.१२५ मिलिसेकंदाला एक निरोप! माउस हलवताच खेळ अडखळत असेल आणि हात स्थिर ठेवताच सुरळीत चालत असेल, तर हा निरोपांचा पूर तपासावा. पार्श्वभूमीतील आज्ञावलीही हेच निरोप ऐकत असतील, तर ताण वाढतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये २०२३ साली अशा पार्श्वभूमीतील श्रोत्यांना आवर घालणारी सुधारणा केली.

निदान कसे करावे?

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. येथेही तोच क्रम ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर काय झाले ते वहीत लिहावे. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि खेळ सुधारला, तर नेमके कशाने सुधारले ते कधीच कळत नाही.

पहिली पायरी मोजमापाची. खेळ चालू असताना विंडोजचे बटण आणि ‘जी’ हे अक्षर एकत्र दाबले, की गेम बार उघडतो. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी आणि चित्रांची गती दिसते. खेळातील एकच ठिकाण निवडून दहा मिनिटे खेळावे आणि धक्के किती व किती अंतराने बसतात ते टिपावे. धक्के ठरावीक अंतराने येत असतील आणि त्या क्षणी ग्राफिक्स कार्डाचा वापर वाढण्याऐवजी खाली येत असेल, तर कार्ड कमी पडत नसून कामाची वाट पाहत आहे, असे समजण्यास आधार मिळतो.

दुसरी पायरी संन्यासाची. संगणक बंद करून कीबोर्ड आणि माउस वगळता सारे काढून ठेवावे. कंट्रोलर, स्टिअरिंग व्हील, यूएसबी हब, ब्लूटूथचे बोंडूक, हेडफोनचा यूएसबी तुकडा, काहीही ठेवू नये. संगणकाच्या पाठीमागे डोकावायला विसरू नये. वर्षानुवर्षे न वापरलेली जुनी जॉयस्टिक तेथे लटकत असते. यंत्र पुन्हा सुरू करून त्याच ठिकाणी तेवढाच वेळ खेळावे. धक्के थांबले, तर गुन्हेगार काढलेल्या वस्तूंतच आहे. न थांबल्यास या पायरीवर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण आभासी कंट्रोलर तार काढल्याने जात नाहीत.

तिसरी पायरी अर्ध्या-अर्ध्याची. काढलेल्या वस्तूंपैकी निम्म्या परत जोडाव्यात. धक्के आले तर दोष या निम्म्यांत, न आले तर उरलेल्यांत. आठ वस्तू असल्या तरी साधारण तीन फेऱ्यांत एकीपर्यंत पोहोचता येते. दोन वस्तू एकत्र असतानाच त्रास होत असेल, तर त्या जोडीचा शोध घ्यायला आणखी एक-दोन फेऱ्या लागतील.

चौथी पायरी हजेरीची. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत जे, ओ, वाय, टिंब, सी, पी, एल ही इंग्रजी अक्षरे लिहावीत. संगणकाला दिसणाऱ्या सर्व कंट्रोलरांची यादी समोर येते. हातात एक कंट्रोलर आणि यादीत तीन नावे असतील, तर उरलेले दोघे कोण, हा प्रश्न सोडवायला हवा. येथेच ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन दांड्यांची अवस्था पाहता येते. हात न लावता खूण मध्यबिंदूपासून सरकत असेल, तर दांडा झिजला आहे. खेळात कॅमेरा आपोआप फिरण्याचे कारण तेच.

इलाज

यादीत आगंतुक आढळल्यावर पहिला इलाज म्हणजे मध्यस्थ एकच ठेवणे. खेळ स्टीमवरून चालवायचा असेल, तर डीएस४विंडोज बंद करून स्टीम इनपुटवर भिस्त ठेवावी. उलट डीएस४विंडोज हवी असेल, तर स्टीममधील त्या खेळाच्या नावावर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कंट्रोलर’ आणि तेथे ‘डिसेबल स्टीम इनपुट’ हा पर्याय निवडावा. हा बदल एका खेळापुरता करता येतो, बाकीच्या खेळांना धक्का लागत नाही. मध्यस्थ वापरताना खरा कंट्रोलर खेळापासून लपवण्याची सोयही असते. ‘हिडहाइड’ ही आज्ञावली त्याच कामासाठी आहे.

दुसरा इलाज कंट्रोलरची भाषा बदलण्याचा. बाजारातील अनेक परवडणारे गेमपॅड दोन्ही भाषा बोलतात. लॉजिटेकच्या एफ३१० या गेमपॅडच्या पाठीवर ‘एक्स’ आणि ‘डी’ अशी कळच आहे. ‘एक्स’ म्हणजे एक्सइनपुट, ‘डी’ म्हणजे डायरेक्टइनपुट. इतर काही गेमपॅडमध्ये एखादे बटण काही सेकंद दाबून धरले की भाषा बदलते. त्यासाठी सोबतची पुस्तिका पाहावी. नव्या खेळांसाठी बहुधा ‘एक्स’ आणि फार जुन्या खेळांसाठी ‘डी’, हा सर्वसाधारण नियम उपयोगी पडतो.

तिसरा इलाज मागे राहिलेल्या भुतांचा. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘व्ह्यू’ या यादीतून लपलेली उपकरणे दाखवण्यास सांगावे. पूर्वी कधीतरी वापरलेल्या आणि आता नको असलेल्या आभासी जॉयस्टिक तेथे आढळतात. ज्या आज्ञावलीने त्या आणल्या, ती आज्ञावलीच रीतसर काढून टाकावी. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’ या शीर्षकाखाली कीबोर्ड आणि माउस यांच्याही नोंदी असतात. नाव नीट न वाचता सरसकट ‘डिसेबल’ करत सुटल्यास माउसच मुका होतो आणि मग दुरुस्ती करणेही कठीण होऊन बसते. नावात ‘गेम कंट्रोलर’ असा स्पष्ट उल्लेख असलेल्या नोंदीलाच हात लावावा, तोही एका वेळी एकीलाच.

चौथा इलाज यूएसबीचा. एका हबवर कंट्रोलर, बाह्य डिस्क आणि फोनचे चार्जिंग असा संसार थाटलेला असेल, तर तो मोडावा. यूएसबी २.० च्या एका तोंडातून ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह मिळतो. स्वतंत्र वीजजोड नसलेल्या हबवर तो साऱ्यांत वाटला जातो. उपकरण क्षणभर उपाशी राहिले की तुटते, पुन्हा जोडले जाते आणि दर वेळी खेळ थिजतो. कंट्रोलर मदरबोर्डच्या मागील तोंडात थेट लावावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी मुभा संगणकाला दिलेली असते, ती काढून घ्यावी.

बिनतारी कंट्रोलरचे दुखणे निराळे असते. इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले, की यूएसबी ३.० ची उपकरणे आणि तारा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. बिनतारी माउस, कंट्रोलर आणि ब्लूटूथ यांचा संसार नेमका याच पट्ट्यात आहे. गावठाणातील खेटून उभ्या असलेल्या इमारतींत शेजाऱ्यांचे वाय-फायही तेथेच गजबजलेले असते. बाह्य हार्ड डिस्कच्या शेजारी खोचलेले बोंडूक साध्या यूएसबी तारेने हातभर लांब आणले, तरी पुष्कळदा गुण येतो. खात्री करायची असेल, तर तोच कंट्रोलर काही काळ तारेने जोडून पाहावा.

शेवटी माउस. निरोपांची गती ८००० वरून १००० वर आणि गरज पडल्यास ५०० वर आणून पाहावी. सर्वसाधारण खेळाडूच्या हाताला हा फरक क्वचितच कळतो, जुन्या प्रोसेसरला मात्र तो चांगलाच कळतो.

एका घराचे उदाहरण

हे सारे एकत्र कसे घडते, ते एका कल्पित घरावरून पाहू. शिरवण्यातील एका घरात जुना डेस्कटॉप आहे. मुलाकडे प्लेस्टेशनचा सेकंडहँड कंट्रोलर आहे, तो डीएस४विंडोजमार्फत चालतो. स्टीम आपोआप सुरू होते आणि स्टीम इनपुटही चालूच आहे. संगणकाच्या मागे थोरल्या भावाची जुनी दुहेरी जॉयस्टिक अजून खोचलेली आहे. ही एक जोडी संगणकाला दोन जॉयस्टिक म्हणून दिसते. हजेरी घेतली तर खरा कंट्रोलर एक, त्याच्या सावल्या दोन आणि जुन्या जोडीचे दोन, असे पाच जण भरतात. खेळणारा मात्र एकटाच!

जुनी जोडी काढली, की पाचाचे तीन होतात. डीएस४विंडोज बंद करून एकच मध्यस्थ ठेवला, की तिनाचे दोन उरतात आणि स्टीम त्यांतला खरा गडी खेळापासून झाकून ठेवते. खर्च शून्य. नवे कार्ड आणले असते, तर चित्रे अधिक झळाळली असती, पण पाच जणांची चौकशी तशीच चालू राहिली असती आणि ठेचाही तशाच लागल्या असत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. शिवाय हा वळसा हजारो रुपयांचा ठरला असता.

कंट्रोलर निर्दोष ठरला तर?

प्रत्येक अडखळीचे खापर कंट्रोलरवर फोडणेही योग्य नव्हे. सारे काढून आणि आभासी मंडळींना निरोप देऊनही धक्के कायम असतील, तर अन्यत्र पाहावे. पहिली वीस मिनिटे खेळ उत्तम चालून नंतर ढेपाळत असेल, तर यंत्र तापते आहे. औद्योगिक पट्ट्याच्या आणि महामार्गाच्या शेजारी धूळ लवकर साचते, त्यामुळे पंखे व जाळ्या वेळोवेळी साफ कराव्यात. नव्या जागेत शिरताना खेळ थांबत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क संशयास्पद आहे. मेमरीची एकच पट्टी असेल, तर तिच्या जोडीला दुसरी बसवल्याने वेग वाढू शकतो. लॅपटॉप चार्जरविना चालवला जात असेल, तर तो मुद्दामच हात आखडता घेतो. या साऱ्या तपासण्या झाल्यावरही गती कमीच असेल आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तर कार्डाची मागणी रास्त मानावी.

‘एका टिचकीत सारे ड्रायव्हर अद्ययावत’ असे आश्वासन देणाऱ्या फुकट आज्ञावलींपासून मात्र चार हात दूर राहावे. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

खेळापलीकडे

‘एवढा खटाटोप खेळासाठी?’ असा प्रश्न घरातील वडीलधारे विचारतील. त्याचे उत्तर दोन प्रकारे देता येईल. पहिले असे, की या खेळांना आता मैदानाचा दर्जा मिळू लागला आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक म्हणून झालेल्या ई-स्पोर्ट्समध्ये भारताच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धेत या प्रकाराला अधिकृत पदके होती. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. खेळ निर्माण करणारेही आपल्याकडे आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ २०२० मध्ये जगभर पोहोचला. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाने एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्यावी. काही स्पर्धांमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावली आणि आभासी कंट्रोलर यांना परवानगी नसते. घरी मध्यस्थावर सराव करून ऐनवेळी तो काढावा लागला, तर हाताची सवयच मोडते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाची नोंद, निम्म्या-निम्म्याने शोध आणि पुरावा हाती आल्यावरच खर्च, ही शिस्त कारखान्यातील बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणारा प्रत्येक फिटर जाणतो. शिरवण्याच्या घराघरांत असे जाणते हात आहेत. त्यांना खेळातले काही कळत नसले, तरी बिघाड शोधण्याची रीत ते मुलाला शिकवू शकतात आणि यादीत दिसणारी नावे मुलगा त्यांना वाचून दाखवू शकतो. रविवारची एक दुपार दोघांनी मिळून संगणकाच्या पाठीमागच्या तारा मोजण्यात घालवली, तर खेळ सुरळीत होण्याची शक्यता चांगली आहे. कार्ड घ्यावेच लागले, तरी ते का घेतले हे दोघांनाही ठाऊक असेल.